बॉयलर रूममधली नोकरी आणि एक्स-रेवरचे पांढरे डाग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील १९६०च्या दशकाच्या अखेरीस, अठरा-एकोणीस वर्षांचे असताना नौदलात गेले. पंधरा वर्षे वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी बॉयलर रूममध्ये. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या छातीच्या एक्स-रेवर ‘दोन्ही बाजूंना कॅल्सिफाइड प्लुरल प्लाक, ॲस्बेस्टॉसशी संपर्क?’ असा शेरा आला. दम लागत नाही, खोकला नाही, रोज तासभर चालतात. सिगारेट होती, दहा-बारा वर्षांपूर्वी सोडली. घरच्यांनी रात्र जागून इंटरनेट पालथे घातले आणि आता सगळे धास्तावलेत. हा कॅन्सर आहे का, पुढे होईल का, कुठल्या तपासण्या करायच्या, भरपाई मिळते का, आणि जहाज गोदीत असताना घरी येणारे त्यांचे कामाचे कपडे इतकी वर्षे धुणाऱ्या आईचे काय? (समुद्रावरचे कपडे जहाजावरच धुतले जायचे.)

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे आणि कामाच्या ठिकाणी जडणारे फुप्फुसाचे आजार हाच माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. गोदीतले कामगार आणि निवृत्त नौसैनिक अगदी असेच रिपोर्ट हातात घेऊन येतात.

आधी ज्याने झोप उडाली आहे त्याचे उत्तर. प्लुरल प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि त्या डागाचाच पुढे कॅन्सर बनतो असेही नाही. फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असते, त्याच्या बरगड्यांकडच्या बाजूला आणि श्वासपटलावर तंतुमय ऊतीचे चपटे, टणक चकते तयार होतात. काळ जातो तसे त्यांत कॅल्शियम साचते आणि ते एक्स-रेवर पांढरे दिसू लागतात. पहिल्या संपर्कानंतर साधारण २० ते ३० वर्षांनी हे घडते. ते दुखत नाहीत, त्यांच्यामुळे श्वास सहसा कमी होत नाही, आणि ते काढून टाकायची गरज नसते.

त्यांना अर्थ मात्र आहे. हे डाग म्हणजे छातीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे न जळणाऱ्या एका तंतुमय खनिजाची धूळ, गेल्याची पोच आहे. तेव्हा डागाकडे आजार म्हणून न बघता पुरावा म्हणून बघा. ज्याची काळजी करायची ती गोष्ट वेगळी: किती तंतू आत गेले, कोणत्या जातीचे, किती वर्षांपूर्वी, आणि जोडीला धूम्रपान किती होते. यातले बहुतेक कुठल्याही मशीनमधून कळत नाही. ते वडिलांनाच विचारावे लागते. म्हणून या उत्तरात तपासण्यांपेक्षा त्यांच्या कामाबद्दल जास्त बोलणार आहे.

मेसोथेलिओमा म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे होणारा, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. इंटरनेटवर ‘माजी सैनिक आणि मेसोथेलिओमा’ असे शोधले की असे वाटायला लागते, जणू गणवेश घातलेला प्रत्येक जण धोक्यात आहे. त्यातली बरीच पाने अमेरिकेतल्या वकिलांच्या कंपन्यांची असतात, हे लक्षात ठेवून वाचा. प्रत्यक्ष आकडे जास्त बोलके आहेत. १९४५ ते १९६२ या काळात अमेरिकेच्या अणुचाचण्यांत सहभागी झालेल्या सुमारे १,१४,००० सैनिकांचा पाठपुरावा करण्यात आला. मूळ हेतू किरणोत्साराचे परिणाम पाहण्याचा. पण त्यातून मेसोथेलिओमाबद्दलही स्पष्ट चित्र मिळाले. भूदल, हवाई दल आणि मरीनमध्ये या आजाराने झालेले मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त नव्हते. नौदलाच्या अधिकाऱ्यांतही फारशी वाढ नव्हती. नौदलाच्या खलाशांत ते दुपटीच्या आसपास होते. आणि खलाशांतही बॉयलर, इंजिन, पाइप यांवर काम करणारे वेगळे काढले, तर अपेक्षेच्या साडेसहा पट. सगळे एकाच सेवेतले, कित्येकदा एकाच जहाजावरचे. पण कोण कुठल्या डेकवर, कुठल्या खोलीत काम करत होता, यावर सगळे ठरले.

तुमचे वडील त्या शेवटच्या गटात बसतात. हे लपवून उपयोग नाही.

वाफेच्या जहाजात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत, आणि तिथून पंप, जनरेटर, गॅलीपर्यंत (जहाजाच्या स्वयंपाकघरापर्यंत) पाइपांचे जाळे असते. आतली वाफ काहीशे अंश सेल्सिअसची. पाइप उघडा ठेवला तर माणूस भाजेल, उष्णता वाया जाईल आणि त्या खोलीत उभे राहणे अशक्य होईल. शिवाय भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही. १९३४ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ ‘मॉरो कॅसल’ हे प्रवासी जहाज जळाले, १३७ जण गेले, आणि त्यानंतर अमेरिकेत जहाजाच्या आत न जळणारे सामान वापरण्याचा आग्रह वाढला. ॲस्बेस्टॉस जळत नाही, हलका असतो, स्वस्त होता, आणि त्याचे कापड विणता येते, दोर वळता येतो, लेपही देता येतो. युद्धनौकेवर प्रत्येक किलोचा हिशोब असतो, म्हणून हलक्या अमोसाइटला, म्हणजे तपकिरी ॲस्बेस्टॉसला, अमेरिकी नौदलात मोठी मागणी आली. पांढरा क्रायसोटाइल आणि निळा क्रोसिडोलाइटही जहाजांवर होतेच. तापलेली रिकामी काडतुसे उचलणाऱ्या तोफेवरच्या जवानांचे हातमोजेसुद्धा ॲस्बेस्टॉसचे असत.

नुसते लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे आवरण (इन्सुलेशन), पाइपवर नीट गुंडाळलेले असेल तर ते फारसे काही करत नाही. धोका आहे तो दुरुस्तीत.

वाफेच्या पाइपच्या जोडातून गळती लागली की आधी लॅगिंग काढावे लागे. वरचे कॅनव्हास सुरीने फाडायचे, खालचे कडक अर्धगोल तुकडे ठोकून सोडवायचे. ते अखंड निघत नाहीत, चुरा होऊन अंगावर पडतात. मग फ्लँजचे (पाइपच्या जोडावरच्या कड्यांचे) बोल्ट सोडायचे आणि धातूला चिकटून बसलेले जुने गॅस्केट (जोडातली गळतीरोधक चकती) स्क्रेपरने, वायर ब्रशने खरवडायचे. तेही बहुधा ॲस्बेस्टॉसचेच. नवे गॅस्केट कापून बसवायचे, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग ओढून काढायचे, दुसरे भरायचे. शेवटी कोरडी पावडर बादलीत ओतून, पाण्यात हातानेच कालवून पाइपवर थापायची. बादलीत पावडर ओततानाचा ढग सगळ्यात वाईट. आणि मग खाली पडलेला चुरा झाडूने गोळा करायचा, म्हणजे खाली बसलेले पुन्हा हवेत. हे सगळे अशा खोलीत, जिथे चाळीस-पन्नास अंशांत अंगातला शर्टही नकोसा होतो, तोंडावर फडके बांधणे तर दूरच. जुने स्टोकर (बॉयलरवर काम करणारे खलाशी) सांगतात की हातदिव्याच्या उजेडात तो चुरा चमचमताना दिसायचा. दिसणारा चुरा नाका-घशात अडकतो. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात ते तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक आणि पाच-दहा मायक्रॉन किंवा त्याहूनही लांब.

सगळ्यात जास्त धूळ रिफिटच्या, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी. महिनोन्‌महिने जहाज गोदीत, एकाच वेळी दहा ठिकाणी लॅगिंग फोडले जाते, आणि खलाशी कित्येकदा त्याच जहाजावर राहतात. १९६०च्या दशकात ब्रिटनच्या डेव्हनपोर्ट गोदीत नौदलाचे सर्जन पी. जी. हॅरिस यांनी हवेतली धूळ मोजली, कामगारांचे एक्स-रे पाहिले. धोका लॅगिंग करणाऱ्यांपुरता नव्हता. शेजारी उभे राहून वेल्डिंग करणारे, वायरिंग ओढणारे, रंग देणारे यांच्यापर्यंत तो पोहोचत होता. वडिलांना विचारताना ‘तुम्ही लॅगिंग काढायचा का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘शेजारी कोणी काढत असताना तुम्ही तिथे होता का?’ हेही विचारा. बरेच जण पहिल्याला नाही म्हणतात आणि दुसऱ्यावर दहा मिनिटे बोलतात.

यावर लोक हमखास विचारतात, की हे माहीत असूनही का वापरले? माहिती होती हे खरेच. ब्रिटनमध्ये १९२४ साली नेली कर्शॉ या गिरणी कामगार महिलेचा मृत्यू ॲस्बेस्टॉसच्या धुळीने झाल्याची वैद्यकीय नोंद झाली. १९३० साली मेरीवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, पाठोपाठ नियमही आले. पण ते कारखान्यांसाठी. जहाजांवरच्या कामाला निर्धोक ठरवणारा कागद १९४६ साली तयार झाला. अमेरिकेत नौदलाची जहाजे बांधणाऱ्या गोद्यांतल्या १,०७४ पाइप-इन्सुलेशन कामगारांची तपासणी झाली, त्यांत ॲस्बेस्टॉसिसचे (ॲस्बेस्टॉसने फुप्फुस आखडण्याच्या आजाराचे) अवघे तीन रुग्ण सापडले आणि हे काम तुलनेने सुरक्षित आहे असा निष्कर्ष निघाला. त्याच अहवालात लिहिले होते की ९५ टक्के कामगारांची या कामातली वर्षे दहापेक्षा कमी. आणि जे तीन आजारी निघाले ते तिघेही वीस वर्षांहून जुने. ज्या आजाराला उगवायलाच वीस-तीस वर्षे लागतात तो पाच वर्षांच्या नोकरीवाल्यांत शोधायचा आणि सापडला नाही म्हणून शिक्का मारायचा! पुढची कितीतरी वर्षे या अहवालाचा आधार घेतला गेला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी इन्सुलेशन कामगारांचे मृत्यू मोजले, आणि मग हळूहळू नौदलांनी नवीन जहाजांत पर्याय वापरायला सुरुवात केली. जुनी जहाजे मात्र आहे त्याच लॅगिंगसह पुढे वीस-तीस वर्षे चालत राहिली. तुमच्या वडिलांची नोकरी नेमकी या काळातली.

ती जुनी जहाजे आजही डोकेदुखी आहेत. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगला निघाली आणि ॲस्बेस्टॉसच्या वादामुळे २००६ साली तिला परत बोलवावे लागले. तिचीच जोडीदार ‘फॉश’ पुढे ‘साओ पाउलो’ नावाने ब्राझीलकडे गेली. तुर्कस्तानने तोडायला घेण्याची परवानगी मागे घेतली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्राझीलने ती अटलांटिकमध्ये बुडवली, पोटातल्या ॲस्बेस्टॉससकट.

आता शरीरात काय होते ते. बारीक तंतू वायुकोशांपर्यंत जातो. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला बघतात, पण लांब तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही. पेशी अर्धवट गिळून मरते, मरताना दाह पेटवणारी रसायने सोडते, दुसरी पेशी येते, तिचेही तेच होते. क्रायसोटाइल काळानुसार तुटतो, विरतो. अमोसाइट आणि क्रोसिडोलाइट दशकानुदशके तसेच राहतात. ही न संपणारी जळजळ आणि त्यातून जनुकांना होणारी इजा, हे पुढच्या बहुतेक आजारांचे मूळ.

आजार तीन महत्त्वाचे. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुस, विशेषतः त्याचा खालचा भाग, तंतुमय आणि कडक होऊन आखडणे. याला बरीच मात्रा लागते, वर्षानुवर्षांची धूळ. दुसरा फुप्फुसाचा कॅन्सर. संख्येने हाच सगळ्यात जास्त बळी घेतो, पण बातमी होते ती तिसऱ्याची, मेसोथेलिओमाची. हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर; पहिल्या संपर्कानंतर बहुधा ३० ते ५० वर्षांनी येतो, त्याला मात्रा कमीही पुरू शकते, आणि त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कॅन्सरही ॲस्बेस्टॉसमुळे होतो हे आता मान्य आहे. अमेरिकी नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट २००० साली मेसोथेलिओमाने गेले. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन १९८० साली याच आजाराने गेला. तरुणपणी मरीनमध्ये असताना जहाजाच्या पाइपांवरचे लॅगिंग काढल्यामुळे हे झाले असावे, असे त्याला स्वतःला वाटत होते.

मग वडिलांना होईल का? नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही, पण अंदाज बांधायला एक टोक धरता येते. या धुळीत सगळ्यात जास्त राहिलेला धंदा म्हणजे इन्सुलेशन. उत्तर अमेरिकेतल्या १७,८०० इन्सुलेशन कामगारांचा सेलिकॉफ यांनी १९६७ ते १९८६ पाठपुरावा केला. त्यांत ४,९५१ मृत्यू झाले आणि त्यांपैकी ४५८ मेसोथेलिओमाचे. म्हणजे आयुष्यभर त्याच धुळीत काम केलेल्यांतही दहातल्या नऊहून जास्त मृत्यू दुसऱ्या कारणांनी. बॉयलर रूममधल्या खलाशाला मिळालेली मात्रा साधारणपणे याहून कमी. धोका आहे, तो सामान्य माणसापेक्षा कितीतरी पट आहे, आणि तरीही बहुसंख्यांना हा आजार होत नाही. ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

त्या १७,८०० जणांत १,१६८ मृत्यू फुप्फुसाच्या कॅन्सरचे होते, मेसोथेलिओमाच्या अडीच पट. इथे सिगारेट येते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ॲस्बेस्टॉसही नाही आणि धूम्रपानही नाही अशांचा फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका १ धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसचा सुमारे ५, नुसत्या धूम्रपानाचा ११, आणि दोन्ही असतील तर ५३. पाच आणि अकराची बेरीज सोळा होते. इथे जवळजवळ गुणाकार झाला आहे. नंतरच्या अभ्यासांत गुणाकार इतका पुरा दिसत नाही, पण बेरजेपेक्षा जास्त तर दिसतोच. दिलासा हा, की सिगारेट सोडल्यावर या कामगारांतही पहिल्या दहा वर्षांतच फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू बरेच घटतात. वडिलांनी दहा-बारा वर्षांपूर्वी जे केले त्याहून मोठे औषध माझ्याकडे आज नाही. पुन्हा एकही ओढू नये. एवढे एक वाक्य रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिले तरी चालेल.

तपासण्या. पहिली तपासणी कागद-पेनाची. वडिलांना घेऊन बसा आणि लिहा: वर्ष, जहाज, खाते, कुठली खोली, काय काम. रिफिट कधी आणि किती महिने, तेव्हा जहाजावर राहायचे की बाहेर. झोपायची जागा लॅगिंग केलेल्या पाइपांखाली होती का. नौदलानंतरची नोकरी कुठली, कारण पुढे कारखान्यात किंवा बांधकामावरही हाच माल भेटला असू शकतो. सोबत काम केलेले कोण हयात आहेत. सेवापुस्तिका आणि निवृत्तीचे कागद यांच्या प्रती. हे एका बैठकीत होत नाही; एकेक जहाजाचे नाव निघाले की आठवणी सुटत जातात. आजच लिहा असे म्हणतो, कारण दहा वर्षांनी प्रकृतीची तक्रार निघाली तर त्या वेळी सांगणारा माणूस दमलेला असतो.

मग डॉक्टरकडे. स्टेथोस्कोपने पाठीच्या खालच्या भागात ऐकणे. ॲस्बेस्टॉसिस असेल तर श्वास आत घेण्याच्या शेवटी कोरडी, बारीक चरचर ऐकू येते, चिकटपट्टी हळूहळू उलगडावी तशी, आणि खोकल्यानंतरही ती जात नाही. बोटांची टोके फुगीर झाली आहेत का ते बघणे. फुप्फुसांची क्षमता मोजणारी पूर्ण चाचणी, नुसती स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकायची साधी चाचणी) नव्हे. वायूची देवाणघेवाण मोजणारा डीएलसीओ हा भाग त्यात हवाच, कारण ॲस्बेस्टॉसिसमध्ये तो बरेचदा आधी घसरतो. आणि एकदा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन, पालथे झोपवून काढलेल्या चित्रांसह. उताणे झोपल्यावर पाठीकडचा भाग वजनाने दबून पांढुरका-धूसर दिसतो आणि सुरुवातीचा ॲस्बेस्टॉसिस नेमका तिथेच लपतो. पालथे झोपवल्यावर धूसरपणा गेला तर तो दाब होता. राहिला तर आजार. बऱ्याच ठिकाणी सांगितल्याशिवाय ही चित्रे काढत नाहीत. चिठ्ठीवर लिहून घ्या.

हे सगळे ठीक आले तर दर तीन ते पाच वर्षांनी एक्स-रे आणि फुप्फुसांची चाचणी पुरते. दरवर्षी सीटी काढण्यात अर्थ नाही, याला एकच अपवाद. वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षे धूम्रपान (रोज एक पाकीट, असे एक वर्ष म्हणजे एक पॅक-वर्ष) आणि सोडून पंधरा वर्षे झालेली नाहीत, असे असेल तर कमी मात्रेच्या सीटीने दरवर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरची चाळणी अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत सुचवलेली आहे. वडील बहुधा यात बसतात. पाकिटांचा हिशोब करा. मेसोथेलिओमासाठी मात्र अशी कुठलीच चाळणी नाही. मेसोथेलिन वगैरे रक्तचाचण्या ‘ॲस्बेस्टॉस पॅकेज’ म्हणून विकल्या जातात, त्या तक्रार नसलेल्या माणसात करू नका. त्या खोट्या भीतीही देतात आणि खोटा धीरही.

फ्लूची आणि न्यूमोकॉकलची लस घ्या.

आता एक गोष्ट, जी मला या उत्तरातली सगळ्यात उपयोगाची वाटते. पुढे कधी एका बाजूच्या छातीत पाणी झाले, एकाच जागी ठणका राहू लागला, दम वाढत गेला, वजन उतरले, थुंकीत रक्त आले किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, तर थांबू नका आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात बॉयलर रूमबद्दल सांगा. जिथे क्षयरोग सर्रास आढळतो तिथे छातीत पाणी म्हटले की टीबीची औषधे सुरू होतात, आणि बहुतेकदा ते बरोबरच असते. पण मेसोथेलिओमाच्या पाण्यातही टीबीसारख्याच लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दिसू शकतात, टीबीसाठी पाहिला जाणारा एडीए हा घटक कधी कधी त्यातही वाढतो, आणि पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी पुष्कळदा सापडतच नाहीत. सहा महिने औषधे खाऊन पाणी पुन्हा भरलेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत. त्यांना कोणीही कधी कामाबद्दल विचारले नव्हते. अशा माणसाला थोरॅकोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढून तपासणे, लवकर करायला हवी.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण आज त्याची वेळ नाही. आखडलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. ऑक्सिजन, व्यायामाधारित पुनर्वसन आणि हे आखडणे (फायब्रोसिस) वाढत असेल तर त्याचा वेग कमी करणारी औषधे, इतके हातात आहे. मेसोथेलिओमात बरीच वर्षे पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनम हीच केमोथेरपी होती. २०२० साली निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवरून ती मिळाली त्यात मध्यक आयुर्मर्यादा (निम्मे रुग्ण जितके जगले तो काळ) केमोथेरपीच्या १४.१ महिन्यांवरून १८.१ महिन्यांवर गेली. मोठी शस्त्रक्रिया करून आवरण सोलून काढण्याबद्दल मी पूर्वीपासून साशंक होतो, आणि ब्रिटनमधल्या मार्स-२ या चाचणीत अशी शस्त्रक्रिया झालेल्यांचे निकाल नुसत्या केमोथेरपीपेक्षा वाईट आले.

भरपाईचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९५०च्या फेरेस निकालामुळे सेवेतल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही. तिथे माजी सैनिकांचे खाते अपंगत्वाचा भत्ता देते आणि पूर्वी ॲस्बेस्टॉस पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांवर दावे होतात. त्या खात्याकडे नौदलातल्या प्रत्येक हुद्द्यासाठी संपर्काची शक्यता किती, याची यादी आहे. ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय दिला गेला. पण नुसत्या प्लाकसाठी? इंग्लंडमध्ये २००७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) नाही म्हटले, स्कॉटलंडने २००९ साली कायदा करून हो म्हटले. तुमच्याकडे काय लागू होते ते माजी सैनिकांच्या कल्याण कार्यालयात विचारा, आणि विचारायला जाताना तो लिहिलेला कामाचा तक्ता व एक्स-रेची मूळ फिल्म किंवा सीडी बरोबर ठेवा. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच असतो: कुठे काम केले, कधी, आणि पुरावा काय. पुढे कधी बायोप्सी झालीच तर तिचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) हॉस्पिटलने जपून ठेवावेत असे लेखी सांगा.

राहिली आई. तुमची शंका अगदी रास्त आहे. लंडनमध्ये १९६५ साली न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाचे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांत कधीही कारखान्यात पाऊल न ठेवलेले, पण घरातल्या कामगाराचे धुळीचे कपडे हाताळणारेही निघाले. कपडे झटकणे हेच त्यातले वाईट काम. मात्र तुमच्याकडे वडील महिनोन्‌महिने जहाजावर असायचे आणि तिथले कपडे तिथेच धुतले जायचे असे तुम्हीच लिहिले आहे; घरी यायचे ते गोदीतल्या महिन्यांतले. म्हणजे आईला मिळालेली मात्रा वडिलांच्या मानाने अगदीच थोडी. वडिलांच्या श्वासातून किंवा खोकल्यातून आता कोणालाही काही होत नाही, नातवंडांना जवळ घ्यायला काहीच हरकत नाही. आईचा छातीचा एक साधा एक्स-रे काढा. तो स्वच्छ असेल तर तिथेच थांबा. दम किंवा छातीत दुखणे अशी तक्रार निघाली तरच पुढचे बघू.